छोटे विमान आणि परभणीचा प्रवासी

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा एक द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून एक छोटे विमान नियमितपणे ये-जा करीत आले आहे. दोन्ही धावपट्ट्यांमधील अंतर अवघे २.७ किलोमीटर. वेळापत्रकात या फेरीसाठी दोन मिनिटे दिलेली असतात आणि वारा अनुकूल असताना ती एकदा ५३ सेकंदांत पुरी झाल्याची नोंद आहे. जगातील सर्वांत छोटी विमानफेरी म्हणून तिचे कौतुक वृत्तपत्रांतून अधूनमधून होत असते. मात्र त्या कौतुकाच्या भरात एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. हे विमान पर्यटकांच्या हौसेसाठी सुरू झालेले नाही. या बेटावरून त्या बेटावर शिकवावयास जाणारे शिक्षक, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी येणारे डॉक्टर, मोठ्या गावी शिकणारी मुले, दवाखान्याच्या कामासाठी निघालेले वृद्ध, हे त्याचे खरे प्रवासी होत. पापा वेस्ट्रेची लोकसंख्या शंभराच्याही आत आहे. एवढ्या लोकांच्या तिकिटांतून विमानाचा खर्च निघणे शक्यच नाही. तो निघावा अशी कोणाची अपेक्षाही नाही. तेथील स्थानिक कौन्सिल विमान कंपनीशी करार करते, फेऱ्या ठरवून देते आणि तूट सार्वजनिक निधीतून भरून काढते.

गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यातील परभणी जिल्ह्याला या दूरच्या बेटांशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. जिल्ह्यात समुद्र नाही, बेटे नाहीत आणि प्रवासी विमानतळही नाही. परंतु प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी विमान उतरले पाहिजे ही भाषा अलीकडे सर्व पक्षांच्या व्यासपीठांवरून ऐकू येते. शेजारी नांदेडला विमान येते, मग परभणीला का नको, असे विचारले की टाळ्याही पडतात. अशा वेळी छोट्या पल्ल्याचे विमान कोठे शोभते, कोणाच्या उपयोगी पडते आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, याचा विचार भावनेच्या आहारी न जाता करणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने बेटांवरील विमान हा एक उत्तम मापदंड ठरतो.

बेटाचे अर्थशास्त्र

आपल्या देशातही या मापदंडाला उतरणारी उदाहरणे आहेत. लक्षद्वीपमधील अगत्तीच्या चिंचोळ्या बेटावर १९८८ पासून विमाने उतरतात. कोचीहून जहाजाने तेथे जावयाचे तर सुमारे पंधरा-वीस तास लागतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजांच्या फेऱ्या कमी होतात. विमान हेच अंतर दीड तासाच्या आसपास कापते. गोव्यातील मोपा येथून २०२४ पासून अगत्तीला जाणारी सेवा सुरू झाली तेव्हा मराठी भाषकांच्या किनाऱ्यालाही या बेटाची हवाई वाट मिळाली. येथे विमानाने वाचणारा वेळ प्रचंड आहे. शिवाय गंभीर आजारी माणसाच्या बाबतीत प्रश्न वेळेच्याही पलीकडचा, जिवाचा असतो. म्हणून अशा ठिकाणी करदात्याच्या पैशातून विमान चालविणे सर्वस्वी समर्थनीय ठरते.

याचे कारण अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ‘वैकल्पिक खर्च’ या कल्पनेत आहे. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी ज्या दुसऱ्या गोष्टीवर पाणी सोडावे लागते ती. बेटाला दुसरा स्वस्त पर्याय उपलब्धच नसतो. पूल बांधता येत नाही, रेल्वे नेता येत नाही. त्यामुळे तेथे विमानावर खर्च केलेला रुपया दुसऱ्या चांगल्या साधनावरून काढून घेतलेला नसतो. सपाट जमिनीवरच्या जिल्ह्यात मात्र तोच रुपया रेल्वेवर, रस्त्यावर किंवा एसटीवर खर्च होऊ शकतो. तेथे विमानाची तुलना या साधनांशी केल्यावाचून गत्यंतर नाही.

लहान विमान मुळातच महाग असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. विमानात एकोणीस प्रवासी असोत की एकशेऐंशी, वैमानिक दोन लागतातच. धावपट्टी, अग्निशामक बंब, सुरक्षा तपासणी, हवामानाची माहिती आणि वाहतूक नियंत्रण यांचा खर्च आसनसंख्येच्या प्रमाणात घटत नाही. विमानाचे बरेचसे इंधन उड्डाण करून उंची गाठण्यात जाते. पल्ला छोटा असेल तर ते वसूल करण्यास अंतर पुरत नाही. सारांश, पल्ला जितका आखूड आणि विमान जितके लहान, तितका प्रत्येक आसनामागचा दर किलोमीटर खर्च अधिक. हा हिशेब कोणाच्या इच्छाशक्तीने बदलणारा नाही.

वायुदूत ते उडान

लहान गावांना विमानाने जोडण्याचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून जानेवारी १९८१ मध्ये ‘वायुदूत’ ही कंपनी स्थापन केली. रस्ते आणि रेल्वे दुर्गम असलेल्या ईशान्य भारतासाठी तिचा जन्म झाला. तो हेतू निर्विवाद योग्य होता. पण पुढे राज्याराज्यांतून मागण्या येऊ लागल्या आणि एकोणीस आसनी डॉर्निअर विमाने देशाच्या कानाकोपऱ्यांतील लहान धावपट्ट्यांवर उतरू लागली. जेथे गरज होती तेथे आणि जेथे केवळ मागणी होती तेथे, असा भेद राहिला नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये वायुदूतचे एक डॉर्निअर विमान इंदापूरजवळ उजनी जलाशयात कोसळले, ही दुर्घटना महाराष्ट्रातील जुन्या वाचकांना आठवत असेल. तोटा वाढत गेला आणि १९९० नंतरच्या दशकात ती कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन होऊन इतिहासजमा झाली.

त्यानंतरचा मोठा प्रयत्न म्हणजे ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेली ‘उडान’ योजना. तिची रचना वायुदूतपेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली होती, हे मान्य केले पाहिजे. विमान सरकारने चालवावयाचे नाही, कंपन्यांनी मार्गासाठी बोली लावावयाची. विमानातील काही आसने मर्यादित दराने द्यावयाची, आणि ही मर्यादा आरंभी एका तासाच्या प्रवासाला अडीच हजार रुपये ठेवण्यात आली. यातून येणारी तूट तीन वर्षांपर्यंत अनुदानाने भरून द्यावयाची. अनुदानासाठी मोठ्या शहरांमधील विमानफेऱ्यांवर आकार बसविण्यात आला. राज्य सरकारांनी अनुदानाचा पाचवा हिस्सा उचलावयाचा, शिवाय विमानतळांवर सुरक्षा व अग्निशमनाची सोय विनामूल्य करावयाची, असे ठरले. तीन वर्षांत प्रवासी वाढतील आणि मार्ग आपल्या पायावर उभा राहील, हे यामागचे गृहीतक होते.

ते गृहीतक कितपत खरे ठरले? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालाने याचे उत्तर दिले आहे. योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी तीन वर्षांची मुदत केवळ ११२ मार्गांनी पुरी केली. मुदत संपल्यावर, म्हणजे अनुदान थांबल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू असलेले मार्ग होते फक्त ५४. मंजूर मार्गांशी हे प्रमाण शेकडा सात पडते. शेकडा सात उत्तीर्ण झालेल्या परीक्षेचा निकाल हाती आला, तर कोणताही शिक्षक विद्यार्थ्यांना दोष देऊन थांबणार नाही. प्रश्नपत्रिकाच चुकली होती काय, हेही तो तपासून पाहील.

नांदेडचा अनुभव

परभणीकरांना या आकडेवारीचा अर्थ समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. उडान योजनेतील अगदी पहिल्या फेऱ्यांत नांदेडचा समावेश होता. २७ एप्रिल २०१७ रोजी हैदराबाद-नांदेड सेवेचा प्रारंभ झाला. नांदेडचे विमानतळ २००८ मधील गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने मोठे करण्यात आले होते आणि सचखंड श्री हजूर साहिब येथे देशविदेशांतून येणारे भाविक हा त्याचा स्वाभाविक आधार होता. त्या वर्षअखेरीस अमृतसरलाही विमान जाऊ लागले. परंतु हैदराबादची सेवा चालविणाऱ्या कंपनीची उड्डाणेच २०२२ मध्ये थांबली. मार्च २०२४ च्या अखेरीस दुसऱ्या कंपनीने नांदेडहून नवी सेवा सुरू केली. ऑगस्ट २०२५ मध्ये धावपट्टीच्या कारणास्तव विमानतळच काही काळ बंद ठेवावा लागला. जळगाव-मुंबई मार्गाची कथाही फारशी वेगळी नाही. डिसेंबर २०१७ मध्ये तेथे वीसपेक्षाही कमी आसनांचे विमान वाजतगाजत सुरू झाले. ती सेवा टिकली नाही आणि तेथील प्रवाशांनाही कंपन्या बदलताना व खंड पडताना पाहावे लागले.

नांदेडला गुरुद्वारा आहे, विद्यापीठ आहे, मोठी बाजारपेठ आहे. एवढे असूनही जेथे सेवेत खंड पडतो, तेथून ७०-७५ किलोमीटरवर आणखी एक विमानतळ उभारल्याने प्रवासी दुप्पट होणार नाहीत. आहेत तेच दोन ठिकाणी विभागले जातील आणि दोन्ही विमानतळ अर्धपोटी राहतील.

खंडित सेवेचा एक तोटा आकड्यांत दिसत नाही. आज सुरू, उद्या बंद अशा सेवेवर कोणीही आपला व्यवहार उभा करीत नाही. ज्या डॉक्टरला आठवड्यातून एकदा परगावी यावयाचे आहे किंवा ज्या उद्योजकाला कारखाना काढावयाचा आहे, तो विमान आहे की नाही एवढेच पाहत नाही. ते पाच वर्षांनी असेल काय, हे तो पाहतो. ऑर्कनीच्या बेटांवर जे साधले ते विमानाच्या वेगाने साधलेले नाही. साठ वर्षे होत आली तरी फेरी चालू आहे, या सातत्याने ते साधले आहे. आपण योजना आखताना विमान पाहिले, पण त्यामागचा दीर्घ मुदतीचा करार पाहिला नाही. बेटाला कायमची तूट-भरपाई देणे आणि सपाटीवरच्या शहराला तीन वर्षांची उसनवारी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच नाव दिल्याने त्या एक होत नाहीत.

वेळेचा हिशेब

परभणीच्या प्रवाशाचा वेळ विमानाने किती वाचतो, हेही एकदा मोजून पाहिले पाहिजे. हैदराबादला निघालेला माणूस परभणीहून नांदेडच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत दीड-दोन तास जातात. उड्डाणाच्या तासभर तरी आधी तेथे हजर राहावे लागते. विमानाचा एक तास. हैदराबादचे विमानतळ २००८ पासून शहराबाहेर शमशाबादला गेले असल्याने तेथून शहरात यावयास आणखी तासभर. एकूण पाच तासांचा हिशेब होतो. रेल्वेने हाच प्रवास रात्री झोपेत होतो आणि त्याचे भाडे विमानाच्या तिकिटापुढे नगण्य असते. प्राध्यापक, कारकून किंवा शेतकरी कुटुंबातील विद्यार्थी या दोहोंतून काय निवडील, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

मुंबईच्या बाबतीत रेल्वेचा प्रवास लांबलचक आहे, हे खरे. पण तो का लांबतो? मनमाडहून हैदराबादकडे जाणारा हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास निजामाच्या राजवटीत पडला. त्याचे रुंदीकरण होण्यास १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले आणि त्यासाठी मराठवाड्याला आंदोलने करावी लागली. परभणी ते मुदखेड हा दुसरा मार्ग २०२० मध्ये पुरा झाला. परंतु परभणी ते छत्रपती संभाजीनगर हे १७७ किलोमीटर एकेरीच राहिले. मानवत रोड, सेलू, परतूर अशा स्थानकांवर समोरच्या गाडीची वाट पाहत उभे राहण्याचा अनुभव रोज ‘अप-डाउन’ करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या गाठीशी आहे. या टप्प्याच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. त्याच सुमारास जालना-मुंबई वंदे भारत गाडी नांदेडपर्यंत वाढल्याने परभणीला दिवसाची वेगवान गाडी मिळाली. मंजुरी आणि पूर्तता यांत दशके घालविण्याची मराठवाड्याला सवय आहे. लोकप्रतिनिधींनी आपले वजन खर्ची घालावयाचे असेल तर ते या १७७ किलोमीटरसाठी घालावे. दुसरा मार्ग पडला की त्याचा लाभ विमानातील मोजक्या आसनांपुरता राहत नाही. प्रत्येक गाडीतील प्रत्येक डब्याला, मालगाडीतील कापसाला आणि सोयाबीनलाही तो मिळतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मागासलेल्या भागाने रेल्वे-एसटीवर समाधान मानावे आणि विमान पुण्या-मुंबईने वापरावे, हा कोठला न्याय? प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेषाची मोजदाद केली, तेव्हापासून मराठवाडा आपला वाटा मागत आला आहे. तो मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण अनुशेष मोजण्याचा अर्थ पुण्यात जी वस्तू आहे ती येथे मांडून दाखविणे असा नाही. पुण्याच्या नागरिकाला दवाखाना, महाविद्यालय व बाजार जितक्या सुलभपणे गाठता येतो, तितक्याच सुलभपणे तो पालमच्या किंवा सोनपेठच्या नागरिकाला गाठता आला पाहिजे, हा खरा समतेचा अर्थ होय. धावपट्टी हे समतेचे प्रतीक वाटते, कारण ती दिसते. संध्याकाळी सहानंतर गावाला बस नसणे दिसत नाही.

जिल्ह्यातील बेटे

येथे पुन्हा बेटांकडे वळावे लागते. बेट म्हणजे पाण्याने वेढलेली भूमी, ही भूगोलाची व्याख्या झाली. जेथून बाहेर पडण्याचा खर्च तेथील माणसाला परवडत नाही ते बेट, अशी अर्थशास्त्राची व्याख्या करता येईल. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील नदीकाठच्या कित्येक गावांचा संपर्क तुटला, तेव्हा या दोन्ही व्याख्या एकाच वेळी खऱ्या ठरल्या. पण पूर ओसरल्यानंतरही दुसरी व्याख्या लागू राहतेच. बारावीनंतर जिंतूर किंवा गंगाखेडच्या महाविद्यालयात जाऊ इच्छिणारी मुलगी बस वेळेवर नाही म्हणून घरी बसते, तेव्हा तिचे गाव बेटच असते. एसटीच्या कर्मचाऱ्यांचा संप ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून पुढील एप्रिलपर्यंत रेंगाळला, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रात अशी किती बेटे आहेत हे सर्वांनी पाहिले.

या बेटांसाठी ऑर्कनीचे तत्त्व आपल्याकडे अपरिचित नाही. ग्रामीण विद्यार्थिनींना एसटीचा मोफत पास, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे या सवलती त्याच तत्त्वावर उभ्या आहेत. प्रवाशाने पूर्ण खर्च द्यावा अशी अपेक्षा नाही, समाजाने तो वाटून घ्यावा हे मान्य आहे. उणीव आहे ती दुसऱ्या अर्ध्या भागाची. भाड्यात सवलत मिळाली, पण बसची हमी मिळाली नाही. फेरीच रद्द झाली तर मोफत पास हा केवळ कागदाचा तुकडा उरतो. ऑर्कनीचे कौन्सिल विमान कंपनीकडून फेऱ्यांची हमी करारात लिहून घेते. तशी हमी एसटीकडून गावनिहाय लिहून घ्यावी आणि तिची भरपाई सरकारने वेळेवर द्यावी. शाळा-महाविद्यालयाच्या वेळेची एक फेरी, दवाखान्याच्या वेळेची एक आणि संध्याकाळची परतीची एक, या तीन फेऱ्या कोणत्याही कारणाने रद्द होणार नाहीत असे ठरले, तर एका विमानमार्गाच्या अनुदानापेक्षा अधिक लोकांचे आयुष्य त्याने सुकर होईल.

याचा अर्थ विमान वर्ज्य करावे असा नव्हे. नांदेडचे विमानतळ हे परभणी, हिंगोली व नांदेड या तिन्ही जिल्ह्यांचे मानावे. तेथील निवडक मार्गांना तीनऐवजी दहा वर्षांचा करार द्यावा आणि विमानाच्या वेळेला जोडून परभणीहून बस असावी. अत्यवस्थ रुग्णांसाठी जिल्ह्यात सुसज्ज हेलिपॅड असावे. त्यास विमानतळाच्या तुलनेने फारच कमी जागा व पैसा लागतो. एवढे केले तरी विमानाची जी खरी उपयुक्तता आहे ती परभणीला मिळेल.

पुढील निवडणुकीत एखाद्या उमेदवाराने परभणीच्या माळावर विमान उतरविण्याचे वचन दिले, तर मतदारांनी त्याला दोन साधे प्रश्न विचारावेत. त्या विमानात कोण बसणार आहे? आणि चौथ्या वर्षी ते उडणार आहे काय? या प्रश्नांची उत्तरे त्याला देता आली नाहीत, तर त्याच्याकडून सेलूच्या फलाटावर थांबलेली गाडी आणि गावच्या फाट्यावर न आलेली बस यांचा हिशेब मागणे हेच मतदाराचे कर्तव्य ठरते.